कर्जाची विवंचना आणि घरचा हिशेब

शेतीच्या धंद्यात पैसा वर्षातून एकदा किंवा दोनदा घरात येतो; खर्च मात्र बाराही महिने चालू असतो. नोकरदाराला महिनाअखेरीस किती रक्कम हाती पडणार हे आधीच ठाऊक असते. शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी खर्च ठाऊक असतो, पण पीक किती उतरेल आणि बाजारात त्याला काय भाव येईल हे ठाऊक नसते. त्यामुळे कर्ज काढणे हा शेतीचा दोष नव्हे, ती तिची गरज आहे. प्रश्न कर्जाचा नसून ते आवाक्याबाहेर गेल्याच्या जाणिवेचा आहे. ही जाणीव माणसाची झोप उडवते, घरात कुरबुरी निर्माण करते आणि पुष्कळदा आणखी महाग कर्ज घेण्यास भाग पाडते.

बियाणे, खते व कीडनियंत्रण यांविषयी या पत्रिकेतून नेहमी माहिती दिली जाते. शेतकऱ्याच्या मनावरील हे ओझेही शेतीच्या उत्पन्नावर परिणाम करणारे आहे, म्हणून त्याचा विचार तितक्याच व्यवहारी दृष्टीने झाला पाहिजे. विवंचना कमी करण्याचा पहिला उपाय म्हणजे स्वतःच्या हाताने लिहिलेला घरचा हिशेब, व दुसरा म्हणजे वेळेवर तोंड उघडून बोलणे. या दोन्हींची पद्धत पुढे दिली आहे.

विवंचनेचा बुद्धीवर होणारा परिणाम

पैशाच्या काळजीने माणसाचे मन खचते हे सर्वांनाच माहीत आहे. तिचा परिणाम विचारशक्तीवरही होतो, हे मात्र फारसे ध्यानात घेतले जात नाही. या विषयाचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या देशातील शेतकऱ्यांवरच झालेला आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लयनाथन, एल्डार शफीर व जियायिंग झाओ या अभ्यासकांनी तो केला व २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची त्यांनी दोन वेळा चाचणी घेतली. पहिली चाचणी तोडणीपूर्वी, म्हणजे हात आखडता असताना. आणि दुसरी तोडणीनंतर, उसाचे पैसे हाती आल्यावर. चाचण्या साध्या होत्या. आकृत्यांमधील क्रम ओळखायचा आणि लक्ष विचलित होऊ न देता झटपट उत्तर द्यायचे.

शेतकरी तेच होते, त्यांची अक्कलहुशारीही तीच होती. तरीसुद्धा तोडणीपूर्वीच्या चाचणीत त्यांची कामगिरी उणी ठरली व तोडणीनंतरच्या चाचणीत ती सुधारली. मिळणारा वेळ, आहार किंवा अंगमेहनत यांतील फरकाने याचा उलगडा होत नाही, असेही अभ्यासकांना दिसून आले. टंचाईच्या दिवसांत मनाचा मोठा भाग पैशाच्या विचारात अडकून पडतो व उरलेल्या कामांसाठी बुद्धी अपुरी पडते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. मृग नक्षत्रावर बियाण्याची घाई असताना कोणी शेकडा तीन रुपये महिना व्याजाने पैसे उचलले, तर तो मूर्ख ठरत नाही. त्या दिवसांत कोणाचीही दृष्टी दोन आठवड्यांपलीकडे जात नाही. म्हणून स्वतःला दूषण देत बसण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट अशी की, वर्षाचे मोठे निर्णय टंचाईच्या दिवसांत घेण्याचे टाळावे. मालाचे पैसे हाती आल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे हा त्यासाठी योग्य काळ होय. पेरणीसाठी जसा वाफसा पाहतात, तसा निर्णयासाठीही पाहिला पाहिजे.

हिशेब कोणाच्या घरी आहे?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांचा उठाव झाला. तो लवकरच त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. इतिहासात तो दख्खनचे दंगे या नावाने ओळखला जातो. या शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकाराकडील कर्जरोखे व वह्या हस्तगत करून जाळण्यावर होता. याचे कारण उघड आहे. कर्जाचा सारा हिशेब एकाच बाजूच्या घरात होता. आपण किती घेतले, किती फेडले आणि किती उरले हे बहुतेक कुळांना सांगता येत नव्हते. सावकार वही उघडून सांगेल तेच खरे मानावे लागे.

या प्रकरणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने कर्जबाजारीपणाच्या कारणांचाही विचार केला. लग्नकार्यातील उधळपट्टी हेच मुख्य कारण, असा समज तेव्हाही रूढ होता. परंतु या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, असे आयोगाचे मत पडले. पोटासाठी धान्य, बी-बियाणे, बैल, सरकारी सारा अशा लहान लहान गरजांसाठी वेळोवेळी उचललेल्या रकमा आणि त्यांवर चढत जाणारे व्याज यांनीच कुळे बुडत होती. पुढे १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. भरलेल्या रकमेची पावती, वार्षिक हिशेब व त्याची नोंद असलेली वही मिळण्याचा हक्क त्या कायद्याने शेतकऱ्याला दिला.

त्या घटनेस दीडशे वर्षे लोटली. आज गावोगाव साक्षरता आहे, सोसायट्या व बँका आहेत, मोबाईलवर संदेश येतात. तरीही आपल्या एकूण कर्जाचा आकडा विचारला असता पुष्कळ शेतकरी अंदाजाने सांगतात. सोसायटीचा हिशेब सचिवाजवळ, खताचा दुकानदाराजवळ, खासगी कर्जाचा सावकाराजवळ आणि बचत गटाचा घरातील बायकांजवळ, अशी त्याची फाटाफूट झालेली असते. अंधारात दोरी सापासारखी भासते, त्याप्रमाणे न मोजलेले कर्ज मनात सतत मोठे होत जाते. यादी केल्यावर काहींचा आकडा अंदाजापेक्षा कमी निघतो, काहींचा अधिक निघतो. पण दोघांनाही पुढे काय करावयाचे ते दिसू लागते.

कर्जाची यादी कशी करावी?

शंभर पानी वही घ्यावी. मळणी उरकल्यावर, घरात शांतता असेल अशा एखाद्या सकाळी पती-पत्नींनी व कमावत्या मुलांनी एकत्र बसावे. प्रत्येक कर्जापुढे पुढील गोष्टी लिहाव्यात : कोणाचे, केव्हा घेतले, मुद्दल किती राहिले, व्याजाचा दर काय, फेडीची तारीख कोणती, तारण काय ठेवले आणि पावत्या आपल्याजवळ आहेत काय.

व्याजाचा दर लिहिताना सर्व दर वर्षाच्या हिशेबात आणावेत. गावात व्याज महिन्याला शेकडा दोन किंवा तीन रुपये असे बोलले जाते. ऐकण्यास हे आकडे लहान वाटतात. वर्षाला ते २४ व ३६ टक्के होतात. मोबाईलवरील ॲपमधून घेतलेल्या कर्जात शुल्काचीही भर असते. बँका व वित्तसंस्थांनी कर्जदारास वार्षिक खर्चाचा एकूण दर दाखविणारे मुख्य तथ्य विवरण द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते मागून घ्यावे. ज्या ॲपमागे कोणती नोंदणीकृत बँक अथवा वित्तसंस्था आहे हे कळत नाही, त्याच्या वाटेस जाऊ नये.

उदाहरणादाखल पाच एकर कोरडवाहू जमिनीत सोयाबीन व त्यात तुरीचे आंतरपीक घेणारे एक कुटुंब घेऊ. आजपर्यंतचे व्याज चुकते आहे असे धरू. त्यांची यादी अशी :

१. सोसायटीचे पीककर्ज — १,००,००० रुपये. मुदतीत फेडल्यास शून्य टक्के.
२. बँकेतील सोनेतारण — ४०,००० रुपये. वर्षाला १० टक्के. व्याज ४,००० रुपये.
३. कृषी सेवा केंद्राची उधारी — २५,००० रुपये. महिना शेकडा दोन. वर्षाचे व्याज ६,००० रुपये.
४. खासगी सावकार — ५०,००० रुपये. महिना शेकडा तीन. वर्षाचे व्याज १८,००० रुपये.
५. मेव्हण्याकडून हातउसने — ३०,००० रुपये, बिनव्याजी.

एकूण कर्ज २,४५,००० रुपये आणि वर्षाचे व्याज २८,००० रुपये. आता नीट पाहावे. सावकाराचे कर्ज एकूण कर्जाच्या सुमारे एक-पंचमांश आहे, पण व्याजाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग तेच खाते. यादी करण्यापूर्वी ही गोष्ट या कुटुंबाच्या ध्यानात येणे कठीण होते. सर्वांत मोठा आकडा सोसायटीचा असल्यामुळे काळजीही त्याचीच सर्वांत जास्त वाटत असणार.

प्रथम कोणाचे फेडावे?

मळणी, वाहतूक व हमाली वजा जाता या कुटुंबाच्या हाती २,१०,००० रुपये आले असे समजू. बहुतेक घरांतील रीत अशी की, सर्वांच्या हातावर थोडे थोडे ठेवून त्यांना गप्प करावे. या रीतीने तगादा काही दिवस थांबतो, पण व्याज थांबत नाही. त्याऐवजी पुढील क्रम ठेवावा.

पहिला वाटा घराचा. पुढील हंगामापर्यंतचा किराणा, शाळेची फी, औषधपाणी व सणवार यांसाठी ७०,००० रुपये लागत असतील तर ते प्रथम बाजूला काढावेत. शक्य तेथे धान्य, डाळ, तेल व शाळेचे साहित्य त्याच आठवड्यात घेऊन टाकावे. घरखर्चाला हात न लावता सारे कर्जात भरणारा शेतकरी श्रावणात पुन्हा सावकाराच्या दारी जातो.

दुसरा वाटा मुदतीतील पीककर्जाचा. केंद्र शासनाच्या योजनेनुसार ३ लाख रुपयांपर्यंतचे अल्पमुदत पीककर्ज ७ टक्के व्याजाने मिळते व वेळेवर फेडणाऱ्यास ३ टक्के सूट मिळते. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे मुदतीत फेड करणाऱ्या शेतकऱ्यास हे कर्ज शून्य टक्क्याने पडते. तारीख चुकली की ही सवलत जाते, व थकबाकीदार ठरल्यास पुढील हंगामाचे कर्जही अडते. म्हणून फेडीची नेमकी तारीख सोसायटीच्या सचिवाकडून लिहून घ्यावी. वरील कुटुंबाने १,००,००० रुपये येथे भरावेत. नव्या हंगामासाठी कर्ज पुन्हा उचलता येईल व खते-बियाणे रोखीने घेता येतील, म्हणजे उधारी वाढणार नाही.

उरलेले ४०,००० रुपये सर्वांत जास्त व्याजाच्या कर्जात, म्हणजे सावकाराकडे भरावेत. त्याचे मुद्दल १०,००० वर येईल आणि पुढील वर्षाचे एकूण व्याज २८,००० ऐवजी १३,६०० रुपये होईल. हेच ४०,००० रुपये सोने, उधारी, सावकार व मेव्हणा यांना प्रत्येकी १०,००० याप्रमाणे वाटले असते, तर व्याज २१,००० रुपये राहिले असते. रक्कम तीच असून केवळ क्रमाच्या फरकाने वर्षाला ७,४०० रुपये वाचतात. मेव्हण्याचे पैसे बिनव्याजी असले तरी त्याला गृहीत धरू नये. स्वतः जाऊन त्याला हिशेब दाखवावा व देण्याची तारीख सांगावी. नात्यात मनास लागते ते बहुधा उशीर झाल्याने नव्हे, तर तोंड चुकविल्याने.

माल निघताच पैशाच्या निकडीने पडत्या भावात विकावा लागत असेल, तर शेतमाल तारण कर्ज योजनेची चौकशी बाजार समितीत करावी. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची ही योजना १९९०-९१ पासून चालू आहे. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारखा माल समितीच्या गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळू शकते. भाव वाढेलच अशी हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. म्हणून सारा माल न ठेवता काही भागच ठेवणे शहाणपणाचे.

कर्ज फिटल्यावर दोन कामे अवश्य करावीत. पावती व ‘बाकी नाही’ असा दाखला घ्यावा, आणि सातबाराच्या इतर हक्कांतील त्या कर्जाचा बोजा कमी झाला किंवा नाही हे पाहावे. तो तसाच राहिल्यास पुढील कर्जाच्या वेळी अडचण येते.

कर्जमाफीविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. २००८, २०१७ व २०१९ साली कर्जमाफीच्या योजना जाहीर झाल्या. प्रत्येक योजनेच्या अटी, तारखा व मर्यादा वेगवेगळ्या होत्या. पात्र असल्यास लाभ अवश्य घ्यावा, पण घरचे अंदाजपत्रक जाहीर न झालेल्या योजनेवर बांधू नये. ऐकीव बातमीच्या भरवशावर थांबणाऱ्याचे व्याज वाढते आणि सावकाराचे कर्ज तर तसेच राहते.

तगादा आणि आपले हक्क

पुष्कळ शेतकरी तगाद्याच्या भीतीने फोन घेणे बंद करतात व बँकेच्या बाजूची वाट टाळतात. यामुळे भीती वाढते आणि सवलतीची मुदतही निघून जाते. हप्ता चुकणार असे दिसताच, चुकण्यापूर्वी, शाखाधिकाऱ्यास भेटावे. शासनाने नैसर्गिक आपत्ती जाहीर केलेल्या भागात पीककर्जाचे पुनर्गठन करून फेडीची मुदत वाढविण्याची तरतूद आहे. तिची चौकशी शाखेत करावी व अर्ज लेखी देऊन त्याची पोच घ्यावी.

खासगी सावकारीबाबत महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. सावकाराजवळ परवाना असणे बंधनकारक आहे व विनापरवाना सावकारी हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. परवानाधारक सावकारास शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के व विनातारण कर्जावर १२ टक्के असे व्याज घेण्याची मर्यादा शासनाने २०१४ मध्ये ठरवून दिली. यावरून महिना शेकडा तीन हा दर कोठे बसतो ते वाचकांनीच पाहावे. सावकारीच्या व्यवहारात जमीन बळकावली गेली असल्यास किंवा बेकायदा व्याजासाठी छळ होत असल्यास तालुक्याचे सहायक निबंधक अथवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करता येते.

सावकाराचे महाग कर्ज फेडण्यासाठी अडचणीतील शेतकऱ्यांना बँकेने दिलेले कर्ज रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अग्रक्रम क्षेत्रात धरले जाते. ते प्रत्येकाला मिळेलच असे नाही, परंतु विचारणा करण्यात संकोच नसावा. तसेच १ जानेवारी २०२५ पासून शेतीसाठी २ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण घेऊ नये, असा नियम आहे.

बचत गटांतील व घरोघरच्या महिलांना सूक्ष्म वित्तसंस्था जे कर्ज देतात, त्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम घालून दिले. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नयेत. वसुलीसाठी सकाळी ९ पूर्वी व सायंकाळी ६ नंतर फोन करू नये. शिवीगाळ किंवा धमकी देऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. वसुलीचा माणूस रात्री दारात उभा राहत असेल, तर ते निमूटपणे सोसण्याचे कारण नाही. कायदेशीर सल्ला हवा असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते.

घरातील माणसांपासून लपवू नये

घरच्यांना काळजी नको म्हणून पुष्कळ कर्ते पुरुष कर्जाचा आकडा पत्नीस सांगत नाहीत. हेतू चांगला असला तरी परिणाम वाईट होतो. घरातील माणसांना काहीतरी बिघडले आहे एवढे कळतेच; काय बिघडले ते न कळल्यामुळे त्यांची चिंता अधिक वाढते. शिवाय अचानक काही बरेवाईट झाल्यास विधवा स्त्रीच्या दारात कागद घेऊन कोण कोण येईल आणि त्यांतील खरे कोणते, हे तिला कसे कळावे? वारसांवर कर्जाची जबाबदारी येते ती त्यांना वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. हे कायद्याचे तत्त्वही घरातील सर्वांना ठाऊक असावे.

हिशेबाची वही घरात सर्वांना सापडेल अशा जागी ठेवावी. आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, अर्धा तास तिच्यासाठी द्यावा. त्या आठवड्याचा जमाखर्च लिहावा, पुढील आठवड्यातील देणे पाहावे आणि वही मिटावी. इतर दिवशी पैशाची चिंता मनात डोकावू लागल्यास ती वहीच्या शेवटच्या पानावर एका ओळीत टिपून ठेवावी व ठरलेल्या दिवशी तिचा विचार करावा. झोपताना हिशेब काढू नये. रात्री अडचणी दुप्पट भासतात आणि बँक व बाजार दोन्ही बंद असतात, त्यामुळे उपाय एकही करता येत नाही. दारूने झोप आल्यासारखी वाटली तरी ती झोप अपुरी असते, आणि दुसऱ्या दिवशी उदासी वाढते.

विवंचनेला आजाराचे रूप येते तेव्हा

काळजी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दोन-तीन आठवडे झोप न लागणे, जेवण तुटणे, शेतात जाण्याचा उत्साह न राहणे, माणसांत मिसळणे बंद होणे, क्षुल्लक कारणावरून संताप येणे ही लक्षणे दिसू लागली तर तो आजार समजावा व प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखवावे. पिकावर रोगाची लक्षणे दिसताच आपण सल्ला घेतो, स्वतःला दोष देत बसत नाही. मनाच्या बाबतीतही हीच वृत्ती ठेवावी. हा आजार उपचाराने बरा होतो.

एखादा माणूस ‘मी गेलो तर सर्वांचे ओझे कमी होईल’ असे बोलू लागला, किंवा अचानक निरवानिरवीची भाषा करू लागला, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये. ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’ असे शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट माणूस मोकळा होतो. केंद्र शासनाची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत, मराठीतूनही बोलता येते.

याच संदर्भात कीटकनाशकांविषयीची एक सूचना प्रत्येक घराने पाळावी. औषधे राहत्या घरात, माळ्यावर किंवा गोठ्यात उघडी ठेवू नयेत. कुलूपबंद पेटीत ठेवावीत, किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे असावी आणि उरलेले औषध साठवू नये. घरात कोणी फार खचलेले असेल, तर ती पेटी काही दिवस विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी. श्रीलंकेत १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर क्रमाक्रमाने बंदी घालण्यात आली व त्यानंतर तेथील आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. निराशेची तीव्र लाट बहुधा थोड्या वेळात ओसरते. त्या वेळेत विष हाताशी नसले तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्या माणसाला पुढे मार्ग सापडतो.

हे ध्यानात ठेवा

• मालाचे पैसे हाती येताच दोन आठवड्यांच्या आत वर्षाचा हिशेब मांडा.
• सर्व कर्जांचे व्याज वर्षाच्या दरात लिहा. सर्वांत महाग कर्ज कोणते ते शोधा.
• घरखर्च प्रथम बाजूला काढा, पीककर्ज मुदतीत भरा, उरलेली रक्कम सर्वांत महाग कर्जात घाला.
• प्रत्येक भरण्याची पावती घ्या व सातबारावरील बोजा तपासा.
• हप्ता चुकण्यापूर्वी बँकेत जाऊन बोला. घरात काही लपवू नका.
• मन फार खचल्यास १४४१६ वर बोला. शेतीविषयक सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत क्रमांक आहे.

वही लिहिल्याने पाऊस पडत नाही, बाजारभाव चढत नाही किंवा एका दिवसात कर्ज फिटत नाही, याची प्रस्तुत लेखकास पूर्ण जाणीव आहे. कोरडवाहू शेतीतील अनिश्चितता दूर करण्याचे काम एकट्या शेतकऱ्याचे नाही. सिंचन, भाव, विमा व पतपुरवठा यांची व्यवस्था समाजाने व शासनाने सुधारावयाची आहे. तोपर्यंत जे आपल्या हाती आहे ते हातचे जाऊ देऊ नये. कर्ज हा एक आकडा आहे. तो वजा होतो, त्याला मुदत मिळते आणि प्रसंगी कायद्याचा आधारही मिळतो. शेतकऱ्याचा जीव मात्र कोणत्याही वहीत मांडता येत नाही. या हंगामाची मळणी आटोपली की पहिल्याच शांत सकाळी घरातील सर्वांनी वही घेऊन एकत्र बसावे, अशी सर्व शेतकरी बंधू-भगिनींस आग्रहाची विनंती आहे.